चवथीला कुत्रं कुठे ठेवायचं? : केनेलच्या आतली बाजू

कुळागरवाली

नमस्कार मंडळी. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की या विभागात दरवर्षी तोच प्रश्न येतो, “मूळ घरी जायचंय, कुत्र्याचं काय करू?” मग कोणीतरी म्हणतं आमच्या ओळखीत एक आहे, कोणीतरी म्हणतं शेजाऱ्याला चावी द्या, आणि धागा तिथेच बुडतो. केनेल, म्हणजे कुत्री ठेवायची जागा, आतून कसं चालतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात कुत्र्यांचं बोर्डिंग चालवतो, शिवाय घरचे लॅब्राडोर आहेत, त्यांची वीणही घेतो. म्हटलं आपणच लिहावं. ही जाहिरात नाही. चवथीच्या आमच्या जागा केव्हाच भरल्यात, त्यामुळे नंबर मागू नका.

आधी थोडं मागचं. २०१२ साली लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात खाणीचा माल वाहणारे ट्रक दारोदारी उभे राहिले, त्यात आमचाही होता. मध्ये काही काळ सुरू झालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. घरधन्यांनी ट्रक विकला आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला जुना गोठा होता तिथे खोल्या बांधल्या. आमच्याकडे कुत्री आधीपासून होतीच. लोक “दोन दिवस ठेवून घ्या” म्हणत सोडून जायचे, त्याचाच पुढे धंदा झाला.

सकाळ सुरू होते ती पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने. सायकल अजून वळणावरच असते आणि इकडे एक बीगल गळा काढतो, की त्याच्यामागे सगळं वसतिगृह. नवीन आलेल्या कुत्र्याला काय चाललंय कळत नाही, पण तोही भुंकतो. पोदेर पाव देऊन गेला की पाच मिनिटांत शांत.

त्यानंतरचं पहिलं काम पिल्लांच्या खोलीचं. पाहुण्या कुत्र्यांना हात लावायच्या आधी. तिथल्या दाराशी वेगळी चप्पल, वेगळा झाडू, वेगळी बादली. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा सुरुवातीला हसायचा, आता तोच इतरांना ओरडतो. कारण सरळ आहे. बाहेरून येणारा धडधाकट लॅब स्वतः आजारी न पडता पायाला पार्व्हो (पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणारा विषाणू) घेऊन येऊ शकतो, आणि सहा आठवड्यांच्या पिल्लाला तेवढं पुरतं. बोर्डिंग आणि ब्रीडिंग एकाच आवारात करणं म्हणजे मुळात दोन एकमेकांविरुद्धची कामं. पाहुणे आले नाहीत तर घर चालत नाही, आणि पाहुणे आले की पिल्लांना धोका. आमचा अर्धा दिवस या दोन टोकांमध्ये भिंत घालण्यात जातो.

मग पाहुण्यांच्या खोल्या. शी बघितल्याशिवाय उचलायची नाही, हा नियम. हसू नका. कुत्रं बोलत नाही, पण पातळ आहे का, शेंबूड आहे का, रक्ताची रेघ आहे का, तांदळाच्या दाण्यासारखे पट्टकृमीचे तुकडे हलताहेत का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी आहे, तिथे खडूने खूण करायची: खाल्लं, शी, शू, औषध. संध्याकाळी मालकाला मेसेज त्या पाटीवरूनच जातो.

धुण्याबद्दल एक. फिनाईलचा वास आला म्हणजे जागा स्वच्छ, असा आपल्याकडे ठाम समज आहे. फिनाईलने पार्व्हो मरत नाही. आधी घाण खरवडून, साबणाने घासून, मग ब्लीच पाण्यात मिसळून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुन्हा पाण्याने धुवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ब्लीच फुकट जातं. आणि सगळ्यात शेवटी वायपर. कोरडं करणं हे धुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, पण त्यावर पावसाच्या निमित्ताने वेगळं लिहीन.

जेवण दोन वेळा. ज्याच्या घरी कोरडं खाणं चालतं त्याचा डबा त्याच्याबरोबर येतो, नाव लिहून. घरच्या जेवणावरच्या कुत्र्यांसाठी उकड्या तांदळाची पेज, कोंबडी, दुधी किंवा तांबडा भोपळा. अचानक खाणं बदललं की हमखास पोट बिघडतं, म्हणून “आमच्याकडे सगळ्यांना एकच चांगलं खाणं” असं सांगणाऱ्या जागेपासून जरा सावध राहा. आमच्याकडे एक पाहुणा असा आहे की सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. मालकीणबाईंनी लिहूनच दिलंय. श्रावणात तर महिनाभर. भोपळा-पेज तो मुकाट खातो, पण शेजारच्या खोलीतल्या बांगड्याच्या वासाने रात्रभर जाळीला नाक लावून बसतो.

नवीन आलेलं कुत्रं पहिला दिवस, कधी दीड दिवस खात नाही. पाणी पीत असेल तर आम्ही घाबरत नाही. मालक मात्र घाबरतात आणि व्हिडिओ कॉल मागतात. आम्ही देत नाही, त्यावरून वाईटपणाही येतो. मालकाचा आवाज ऐकल्यावर एक जर्मन शेफर्ड फोनच्या मागे जाऊन वास घेत होता, मग दाराशी जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. त्यापेक्षा आम्ही खेळताना चित्रफीत काढून पाठवतो. तुम्ही त्याला बघा, त्याने तुम्हाला बघायची गरज नाही.

बाकी विचारा, सांगेन.

---

तांबडी_माती

मस्त धागा. कुळागरवालीताई, पावसाचं लिहाच. आमच्याकडे घरात एकच कुत्रा आहे तरी जून ते सप्टेंबर घराला ओल्या गोणपाटाचा वास येतो. तुम्ही काय करता?

---

मांडवीपार

वाचतोय. सोमवारच्या शिवराकाला आमचा नमस्कार कळवा. आमचा बोका एकादशीला दूध पितो, पण ती त्याची मर्जी.

---

कुळागरवाली

@तांबडी_माती, गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या अंगणात पडतो असं माझं मत आहे.

पाऊस म्हणजे चार गोष्टी. पहिली त्वचा. लॅब, गोल्डन, शेफर्ड यांची आतली लव दाट असते, ती वरवर सुकलेली दिसते आणि आत ओलीच राहते. मग एका रात्रीत कानामागे किंवा मांडीवर हाताच्या पंजाएवढं लाल, चिकट चट्टं. आम्ही पावसात आंघोळी जवळजवळ बंदच करतो. बाहेरून आलं की पंजे, पोट आणि काखा पुसायच्या, बोटांच्या बेचक्यांत टॉवेल घालून. मग मोठ्या ब्लोअरने वारा. गरम नाही, नुसता वारा. वीज गेली की ब्लोअर बंद, आणि वीज तर जातेच.

दुसरी गोष्ट लेप्टो. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, माणसालाही होतो. कुळागरात उंदीर नाहीत असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो. म्हणून पावसात आम्ही सगळे गमबूट घालतो, कुत्र्यांना पाटाच्या पाण्याकडे सोडत नाही, रात्री खाण्याची एकही थाळी बाहेर ठेवत नाही. लेप्टोची लस मोठ्या एकत्र लशीत असते, पण तुमच्या कार्डावर नेमकी कोणती लागलीय ते वाचा. छोट्या लशीत ती नसते.

तिसरी साप. घोणस आणि नाग दोन्ही आहेत. खोल्यांच्या पुढच्या पन्हळीला बारीक जाळी बसवलीय, लाकडाचा ढीग लांब नेलाय. रात्री कुत्री नेहमीपेक्षा वेगळी भुंकली, म्हणजे एकाच जागेकडे बघत मागे सरकत, तर आधी बॅटरी घेऊन जायचं, रागावायचं नंतर.

चौथी गोचीड, आणि इथे आपला चिरा (भिंतीचा जांभा दगड) घात करतो. उघडा चिरा दिसायला सुंदर, पण त्याला भोकंच भोकं. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. तिच्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर जातच नाही. त्यामुळे नुसत्या कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही. आम्ही छातीएवढ्या उंचीपर्यंत सगळ्या भिंतींना गिलावा केला, वर गुळगुळीत रंग दिला. पाहुण्यांनी “अय्या, चिरे का झाकले” म्हणून हळहळ केली. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालची जागा, गळपट्ट्याखालची जागा दारातच बघतो. गोचीड मिळाली तर चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटात टाकायची. बोटांनी चिरडायची नाही. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप, इथे बारमाही आहे. कुत्रं दोन दिवस मलूल, हिरड्या फिक्या, अंग तापलेलं असेल तर रक्त तपासा, वाट बघू नका.

---

भटक्यांचा_वाली

लेखन चांगलं आहे, पण एक बोचतंय ते बोलतो. म्हापशाच्या बाजारामागे, किनाऱ्यांवर, मोसम संपला की टाकून दिलेली पिल्लं आम्ही उचलतो. लोक लंडनला जातात आणि जर्मन शेफर्ड दाराला बांधून जातात. निवारे भरून वाहताहेत. अशा वेळी “वीणही घेतो” हे तुम्ही इतक्या सहज लिहिता. गोव्यात आणखी पिल्लं काढायची खरंच गरज आहे का?

---

पर्वरी_पाहुणा

आम्ही पुण्याहून पर्वरीला फ्लॅटमध्ये येतोय. मुलांना हस्की हवाय. ब्रीडर कसा ओळखायचा?

---

कुळागरवाली

@पर्वरी_पाहुणा, हस्की घेऊ नका. ब्रीडर ओळखण्याचा प्रश्न नंतरचा. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेलं दुहेरी लवीचं जनावर, मे महिन्यात पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावर, दिवसभर एसीत. वीज गेली की त्याचं काय होतं ते मी बोर्डिंगमध्ये बघते. जीभ जमिनीला लागते. मुलांना कुत्रं हवंय ना? मग आधी @भटक्यांचा_वाली यांच्याकडे जा. त्यांच्याकडचं कुत्रं या हवेत जन्मलंय, त्याला एसी लागत नाही.

@भटक्यांचा_वाली, सहज लिहिलं नव्हतं, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर.

आमचं घर बोर्डिंगवर चालतं, पिल्लांवर नाही. पिल्लांवर ज्याचं घर चालतं त्याचं कुठेतरी काहीतरी वाचवलेलं असतं: लशीत, खाण्यात, आईच्या विश्रांतीत. केंद्राचे कुत्रे-पैदास नियम २०१७ साली आले. त्यात ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय नर दाखवायचा नाही, आयुष्यात ५ पेक्षा जास्त विणी नाहीत, ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. लोक हे नियम जाचक म्हणतात. मला ते सैल वाटतात. पाच विणी म्हणजे फार झालं. आम्ही एका मादीच्या दोन-तीनच घेतो, मग तिचं ऑपरेशन करून ती घरात सोफ्यावर.

त्याआधी दोन वर्षांची झाल्यावर कंबर आणि कोपरांचे एक्स-रे. लॅबमध्ये सांधे ढिले असण्याचा दोष वंशातून उतरतो, आणि तो पिल्लात दिसत नाही, सहा महिन्यांनी जिना चढताना दिसतो. एक देखणी मादी आमच्याकडे आहे, रंग-डोकं-स्वभाव सगळं उत्तम, पण कंबर वाईट निघाली. तिची वीण घेतली नाही. तिला बघून लोक आजही विचारतात, हिची पिल्लं कधी?

आणि पिल्लू नेणाऱ्याकडून लिहून घेतो की नाही जमलं तर परत आमच्याकडेच यायचं, कितीही वर्षांनी. लंडनला जाणाऱ्यांची दोन कुत्री अशी परत आलीत. मोठी, आठवणीने भरलेली कुत्री. ती आता इथेच राहतात.

एवढं करूनही तुमचा मूळ मुद्दा उरतोच, हे मला मान्य आहे. माझ्याकडून पिल्लू न्यायला आलेल्या माणसाने तुमच्याकडचं नेलं असतं की नाही, ते मला सांगता येणार नाही.

---

भटक्यांचा_वाली

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मी अजूनही सहमत नाही, पण परत घेण्याची अट सगळ्यांनी ठेवली तर माझं निम्मं काम कमी होईल. आणि पर्वरीच्या पाहुण्यांना खरंच पाठवा. दोन वर्षांची एक काळी मादी आहे, मुलांची सवय असलेली.

---

पर्वरी_पाहुणा

हस्की रद्द. बायकोने धागा वाचून दाखवला. काळ्या मादीबद्दल व्यक्तिगत निरोप करतो.

---

निवृत्त_सुईवाला

पशुसंवर्धनात नोकरी झाली, आता निवृत्त. वरच्या लशींच्या बोलण्यात थोडी भर.

केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस बोर्डिंगच्या आदल्या दिवशी देऊन लोक येतात. तिला काम करायला वेळ लागतो, निदान आठ-दहा दिवस आधी हवी. आणि लस दिली म्हणजे खोकला होणारच नाही असं नाही, सौम्य होतो. घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा खोकला, शेवटी उबळ. बोर्डिंगहून आल्यावर आठवड्याच्या आत असं दिसलं तर केनेलला कळवा. भांडायला नाही, बाकीच्या मालकांना सावध करता यावं म्हणून.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग दरवर्षी. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. त्यामागे गल्लीबोळांतून जाळी घेऊन फिरणाऱ्या लस-पथकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. त्यामुळे हल्ली काही शिकलेले लोकच म्हणू लागलेत की आता घरातल्या कुत्र्याला कशाला. पत्रादेवी, चोर्ला, मोले, पोळे, राज्याच्या हद्दीवरच्या या चारही नाक्यांनी वाट उघडी आहे आणि रोग नाक्यावर पास दाखवत नाही. लस चुकवू नका.

कुळागरवाली, व्यायच्या वेळेबद्दल लिहा. लोक घाबरून भलत्या वेळी फोन करतात आणि खऱ्या वेळी करत नाहीत.

---

कुळागरवाली

@निवृत्त_सुईवाला, आज्ञा.

कुत्रीचे दिवस साधारण ६३. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. एरवी १०१च्या पुढे-मागे असतो, तो ९९च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत व्यायची. त्या दिवशी ती खाणं सोडते, चादरी उकरते, धापा टाकते, मिनिटामिनिटाला माझ्या मागे येते. आमची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, मुद्दाम. तिला एकटं आवडत नाही आणि गर्दीही आवडत नाही. घरातली दोन माणसं, मंद दिवा, बास.

पिल्लू पिशवीत येतं. आई पिशवी फाडते, नाळ तोडते आणि इतकं जोरात चाटते की नवख्या माणसाला वाटेल ती त्याला खातेय. त्या चाटण्यानेच ते पहिला श्वास घेतं. पहिलटकरीण कधी कधी बावचळते, पिल्लाकडे बघत राहते. तेव्हा आपण पिशवी फाडायची, नाक-तोंड पुसायचं, खडबडीत टॉवेलने पाठ चोळायची. चिंचेएवढं तोंड उघडून ते किंचाळलं की टॉवेल खाली ठेवायचा, त्याला आईच्या थानाशी लावायचं. चीक पहिल्या दिवसात पोटात गेलाच पाहिजे. प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते, ती मोजायची, आत राहिली तर आईला ताप येतो.

खऱ्या फोनची वेळ कोणती? एक, अर्धा तास जोर काढतेय आणि काहीच येत नाही. दोन, पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव दिसला. तीन, आत पिल्लू आहे हे माहीत आहे आणि दोन तास उलटले. या तिन्हींत गूगल करायचं नाही, गाडी काढायची. आणि गाभण असताना “ताकद यावी” म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजायच्या नाहीत. त्याने शरीर स्वतःचं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि दूध सुरू झालं की तिला झटके येतात. हे सांगून सांगून मी थकले, लोक तरी पाजतात.

पुढचे दोन आठवडे म्हणजे वजनकाटा. स्वयंपाकघरातलाच, पिठाचा. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर, रोज सोडून पुन्हा सैल बांधायची, कारण मान रोज वाढते. लॅबचं पिल्लू जन्मताना ४०० ग्रॅमच्या आसपास असतं, आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवं. जे वाढत नाही ते शांत पडून असतं, आणि शांत पिल्लाचं लोक कौतुक करतात. “किती गुणी आहे.” गुणी नाही, उपाशी आहे. धडधाकट भावंडं त्याला बाजूला ढकलतात, म्हणून त्याला मागच्या थानाशी, जिथे दूध जास्त, हाताने धरून बसायचं. ती लोकर बहुतेक वेळा पिवळी असते, का कोण जाणे.

नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गोव्यात थंडी कुठे, असं वाटतं, पण डिसेंबरात कुळागरात पहाटे चांगलीच गारठ असते. पेटीच्या एकाच कोपऱ्यावर दिवा लावायचा, पूर्ण पेटीवर नाही, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते. सगळी एकमेकांवर ढीग करून झोपली तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरली तर उकडतंय.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. मग जंताचं औषध, मग पातळ पेज, मग सगळीकडे पेज. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही मुद्दाम मिक्सर लावतो, भांडी पाडतो, छत्री उघडतो, शेजारच्या मुलांना हात धुवून आत सोडतो. याच काळात जे बघितलं त्याला कुत्रं आयुष्यभर घाबरत नाही.

---

वाड्यावरचा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या वाड्यावर एक केनेल आहे, तालुका सांगत नाही. रात्रभर भुंकणं. पंचायतीत अर्ज दिला, ते म्हणाले कागद आहेत. कागद असले म्हणजे झोप येते का? तुमच्या शेजाऱ्यांचं काय मत आहे ते ऐकायला आवडेल.

---

कुळागरवाली

@वाड्यावरचा, शेजारी सगळ्यात जवळचा म्हणजे आमचा दीर, त्याचं मत इथे छापण्यासारखं नाही.

पण तुमचा राग खरा आहे. ना हरकत दाखला घेऊन कोणी भुंकणं थांबवत नाही, ते बांधकामाने थांबतं. बहुतेक केनेलमध्ये समोरासमोर जाळ्या असतात, म्हणजे चोवीस तास प्रत्येकाला दुसरा दिसतो. एक उठला की सगळे उठतात. आम्ही समोरची बाजू भिंत केली, जाळी फक्त मागे कुळागराकडे. रस्ता कोणालाच दिसत नाही. रात्री नऊला दिवे बंद, त्यानंतर कोणी आत जायचं नाही, मालक विमानतळावरून उशिरा आला तरी सकाळीच ये. आणि दिवसा दोनदा खरंखुरं चालवायचं, दमवायचं. रात्री भुंकणारं कुत्रं बहुतेक दिवसभर बसून असलेलं कुत्रं असतं. पुढच्या अर्जात पंचायतीला कागद विचारू नका. रात्री तिथे माणूस झोपतो का आणि समोरची जाळी झाकता येईल का, हे विचारा.

---

शेंदूर_आणि_शेंगदाणे

माझा कडू अनुभव. गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी (नाव घेत नाही) शिह त्झू ठेवला. आठवड्याने आणला तर अंगावर गोचिडीच गोचिडी आणि कानात गुठळी. ते म्हणाले तुमच्याकडूनच आल्या. बुक करण्याआधी नेमकं काय बघायचं?

---

कुळागरवाली

@शेंदूर_आणि_शेंगदाणे, वाईट वाटलं. न सांगता जा, दुपारी जेवणाच्या सुमारास. आत येऊ देत नाहीत? आमच्याकडेही पिल्लांच्या खोलीत येऊ देत नाही, पण पाहुण्यांच्या खोल्या दाखवतो. ज्याला दाखवायला अडचण आहे तिथून परत या. नाकाला विचारा: मुताचा उग्र वास वाईट, आणि अत्तरासारखा जोरदार सुगंधी फिनाईलचा वास त्याहून वाईट, कारण तो कशावर तरी घातलेला असतो. भिंतींच्या फटी बघा. तुमच्याकडे लसीचं कार्ड मागतात का? मागत नसतील तर इतरांकडेही मागितलेलं नाही. सोडताना तुमच्यासमोर अंग तपासून दोघांनी सही करायची, नेतानाही तसंच. मग “तुमच्याकडूनच आल्या” हा वादच राहत नाही.

---

मांडवीपार

ताई, पिटबुल घेता का ठेवायला? शेजाऱ्याला हवंय. आणि आक्रमक समजल्या जाणाऱ्या २३ जातींवर बंदी आहे ना?

---

कुळागरवाली

घेत नाही. केंद्राचं ते २३ जातींचं पत्रक मार्च २०२४ चं, कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्द केलं. पण आमचं कारण कायद्याचं नाही. रात्री दोघंच असतो, आणि आम्हा दोघांना मिळून जे कुत्रं आवरता येणार नाही ते आम्ही घेत नाही, मग जात कुठलीही असो. मोठा, न शिकवलेला लॅबही परत पाठवलाय.

---

तांबडी_माती

शेवटचा प्रश्न, स्वतःचा. आमचा मोती बारा वर्षांचा आहे, हृदयाची गोळी चालू, नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या फटाक्यांत) पलंगाखालून निघत नाही. चवथीला पाच दिवस पेडण्याला जायचंय. केनेल की घर?

---

कुळागरवाली

घर. बारा वर्षांच्या, फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला मी स्वतः घेत नाही. त्याला ज्या पलंगाची सवय आहे तोच पलंग हवा. कोणी भाचा-पुतण्या राहायला येईल का बघा. त्याच्यासाठी फ्रिजवर चिकटवा: हृदयाची गोळी किती वाजता, कशात घालून, डॉक्टरचा नंबर, रात्री उघडा असलेल्या दवाखान्याचा नंबर. आरतीच्या वेळेला खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओ चालू. मोती पलंगाखाली गेला तर ओढून काढायचं नाही, हवं तर भाच्यानेच खाली बसायचं.

---

तांबडी_माती

भाचा तयार आहे, त्याला वायफाय पाहिजे एवढंच. झोपेची गोळी देऊ का?

---

निवृत्त_सुईवाला

मध्ये बोलतो. घरात पडलेली जुनी गुंगीची गोळी देऊ नका. काही गोळ्यांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते, म्हणजे घाबरलेलं कुत्रं फक्त हलू शकत नाही. हृदयाच्या कुत्र्यात तर मुळीच नाही. डॉक्टरांकडे जाऊन भीतीची वेगळी गोळी लिहून घ्या, हृदयाच्या औषधाचं नाव सांगून. आणि ती आदल्या आठवड्यात एका साध्या दुपारी, तुम्ही घरात असताना, एकदा देऊन बघा. पहिल्यांदा थेट चवथीच्या रात्री, तीही भाच्याच्या हातून, नको.